साळूबाईच्या बिळावरचा सरडा

रानात काजवेच घरोघरचे दिवे होते, तेव्हाची ही गोष्ट. सिंहाने हुकूम काढून प्रत्येक बिळाच्या तोंडाशी एकेक हुशार सरडा नेमला. कोण किती उजेड जाळतं ते त्याने बघायचं, आणि जास्त झाला की तिथल्या तिथे तोडायचा.

साळूबाई साळिंदरीण धसकली. तिन्हीसांजेला घरात अंधार ठेवू नये हे तिला ठाऊक होतं, तरी तिने सगळे काजवे उडवून लावले. पिल्लं अंधारात एकमेकांच्या काट्यांवर आदळून रडायला लागली. तेवढ्यात सरडा म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे उजेड फार जळतोय. तोडावा लागेल."

"अरे मेल्या, घरात काजवा औषधालाही नाही. जळतंय काय मग?"

सरड्याने शेपटी पुढे केली. तिच्यावर काजव्यांची माळ लखलखत होती.

"हा माझा कामाचा उजेड. तुमच्याकडे अंधार आहे की नाही, ते मला दिसायला नको?"

साळूबाईने त्याला उचलून आत नेलं आणि छतातल्या मुळीला उलटा टांगला. पिल्लं त्याच्याखाली गोल करून जेवायला बसली.

"आता दिसतंय ना नीट?" तिने विचारलं.