तीन नळ आणि टाकीखालचा व्हॉल्व्ह

नळ आपापसांत मोकळेपणी बोलत, त्या काळची गोष्ट. इंदुताईंच्या घरी नातवाचं बारसं होतं, आणि नेमकी त्याच सकाळी पाण्याची धार करंगळीएवढी झाली.

मोरीतला नळ स्वयंपाकघरातल्या नळावर खेकसला, "सगळं पाणी तूच ढोसतोस!"

"मग माझ्याखालची कळशी का भरेना?" तोही उसळला.

इंदुताईंनी दोघांच्या तोंडाला बांधलेली फडकी सोडून झटकली. धार तेवढीच.

अंगणातला नळ म्हणाला, "भांडू नका रे, मीही सुकलोय. तिघांना एकच दुखणं, म्हणजे बिघाड आपल्या तिघांच्याही आधी कुठेतरी आहे."

सगळ्यांच्या आधी होता टाकीखालचा पितळी व्हॉल्व्ह. तो गुरगुरला, "मागे पाण्याच्या जोराने पाइप फुटला, म्हणून मला इथे बसवलं. मी सैल पडणार नाही!"

"राखण छान केलीस," इंदुताई म्हणाल्या, "पण पोटात काय साठवलंयस, ते बघू दे."

टाकीचा कॉक बंद करून त्यांनी त्याला उघडलं. आत क्षारांचा पांढरा थर! लिंबाच्या रसाने तो घासून काढला, व्हॉल्व्ह पुन्हा बसवला आणि कॉक सोडला.

घरभर धो धो आवाज घुमला. व्हॉल्व्ह दचकला, "फुटलं का काही?"

तिन्ही नळ एका सुरात ओरडले, "नाही रे, कळशी भरली!"