दृढदंष्ट्रेचा संशय

कृतयुग अद्याप सरले नव्हते आणि मुंग्यांच्या राण्या जोडीजोडीने नव्या पुरीचा पाया घालीत, त्या काळची ही कथा. शमीगर्भ ऋषींच्या रानभाताच्या नीवारगंधाने भरलेल्या आश्रमावर एके दिवशी सपक्ष मुंग्यांचे थवे उडाले. आकाशातच लग्ने लागली. नवरदेव तर सूर्यास्तापूर्वीच गतप्राण झाले. दृढदंष्ट्रा आणि मृदूदरी या दोन राण्या भूमीवर उतरल्या, त्यांनी स्वहस्ते पंख उपटून टाकले आणि एकच बीळ कोरले. तेव्हा भूदेवी वसुंधरा वदली, "पुत्रींनो, दार लिंपून घ्या. पंखांचे बळ अंगात जिरेल आणि त्यावरच तुमच्या लेकी पोसल्या जातील. हा माझा वर आहे."

दोघींनी एकाच ढिगात अंडी घातली. पण आपला वंश राज्य करणार की हिचा, या विचाराने दृढदंष्ट्रेला चैन पडेना. संशयाला औषध नाही म्हणतात, ते खोटे नव्हे. ती अंधारात ढीग चाचपी. अंडी घटत होती! मृदूदरीच्या मुखाला तर अंड्याचा ओला वास येई.

"भगिनी, अंडी कोणी गिळली?"

"अंड्यांतून निघालेल्या आपल्याच भुकेल्या अळ्यांनी. काही अंडी जन्मासाठी नसतातच, दृढे. मी माझीच अंडी त्यांना भरवते."

"एका ढिगात तुझी कोणती, माझी कोणती? चोराच्या उलट्या बोंबा!"

"तू थकली आहेस. नीज जरा, मी बघते त्यांच्याकडे."

या मायेच्या बोलानेच दृढदंष्ट्रा पेटली. तिने झेप घेऊन सखीची मान तोडली आणि चोरीचा पुरावा शोधण्यासाठी तिचे उदर फाडले. ते रिकामे होते. मृदूदरीने स्वतः कणही खाल्ला नव्हता. दृढदंष्ट्रा धाय मोकलून रडली.

यथाकाल मोजक्याच लेकी जन्मल्या, त्याही खुरटलेल्या. वाळलेले कलेवर हुंगून एकीने विचारले, "ही कोण?"

दृढदंष्ट्रा म्हणाली, "तुमची आई असेल. मला ठाऊक नाही."

त्या क्षणी वसुंधरा कडाडली, "पापिणी! तुझ्या कुळातील राणी यापुढे एकटीच दार लिंपेल. लेकी भुकेने तळमळू लागल्या की कोणते अंडे जगवावे आणि कोणते भरवावे, हे तिचे तिलाच ठरवावे लागेल!"

तेव्हापासून त्या कुळातील राणी एकटीच भूगर्भात शिरते आणि स्वतःच्याच अंड्यांवर पहिल्या लेकी वाढवते.