नुसताच श्री

शब्द पाखरांसारखे खिडकीत येऊन बसत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका मेजावर म्हातारा टाक आणि एक वही राहत होती. टाक रोज सकाळी नव्या पानावर सुरेख श्री काढी आणि मोठ्या विषयाची वाट बघत बसे. संध्याकाळी म्हणे, "आज काही सुचलं नाही. उद्या बघू."

असं करता करता शेवटचं पान आलं. तेव्हा कोपऱ्यातली कात्री म्हणाली, "लिहिणार नसाल तर पानं द्या. उद्या मला फुटाण्यांच्या पुड्यांसाठी कागद कापायचाय."

वही घाईने टाकाला म्हणाली, "आजोबा, आत्ता वास कसला येतोय?"

"करंजाच्या फुलांचा. पण त्यावर कोणी लिहितं का? विषय कसा भारदस्त हवा!"

"तुमच्या भारदस्तपणापायी मी फुटाण्यांना जाणार! तो वास तुम्हाला कुठे नेतो, तेवढंच लिहा."

टाक चिडला, पण त्याने डोळे मिटले. वास त्याला अलगद घेऊन गेला. त्याचा दांडा पुन्हा करंजाची फांदी झाला आणि तिच्यावर एक बुलबुल झुलू लागला. टाक लिहीत सुटला. पान भरलं, तरी बुलबुल अजून फांदीवरच होता.

"पान संपलं गं," टाक हळहळला. "आता याला उडवू कुठे?"

वहीने फडफडत पहिलं पान उघडलं.

"इथे उडवा. तुमच्या प्रत्येक श्रीखाली आभाळ रिकामंच आहे."