शेळ्यांची बेटावरची सहल

"माझं मेलं कुणी खरंच मानत नाही!" ही गोदा कुर्लीची तक्रार फार जुनी, बेटावर माणसं यायच्याही आधीची.

समोरच्या किनाऱ्यावरच्या शेळ्यांना ते बेट बघायचं होतं. ओहोटीला वाळूतून चालत जाता यायचं, पण कधी जावं ते ठरेना. शेळ्यांना भिजायचा भारी तिटकारा. म्हातारा दाजी बोकड म्हणाला, "वैशाखात जाऊ. थेंब पडत नाही."

वाळूत नांग्या पसरून बसलेली गोदा खेकडी म्हणाली, "अहो दाजी, थेंब पडत नाही तर पिणार काय? तेव्हा बेटावरचं तळं आटतं. दिवाळीनंतर या. पाणी असतं, गवतही असतं."

"तुला काय कळतंय? तू तर जन्माची भिजलेली!" सगळ्या शेळ्या खिदळल्या.

वैशाखात गेल्या. अंग कोरडं राहिलं आणि घसाही कोरडा पडला. तळ्यात नुसता चिखल, आणि परतीची वाट भरतीनं बुडवलेली. लहानग्या करडाची जीभ बाहेर आली. ओहोटी लागताच त्याला ढकलत ढकलत सगळ्या कशाबशा घरी आल्या.

करडू पाणी पिऊन उठलं, तशी त्याची आई कडाडली, "ह्याला जबाबदार कोण?"

दाजीनं दाढी हलवली. "जिला ठाऊक होतं, तिनं आडवं पडून अडवायला नको आम्हाला? नुसतं सांगून मोकळी झाली ती गोदा!"