एका दिवसावरचं शहर

हिरण्यपूरला एक राजा होता. त्याचं दुसरं शहर, सागरकोट, दीडशे कोसांवर समुद्राकाठी होतं. तिथे त्याची थोरली बहीण सुनयना कारभार बघायची. तिची चिठ्ठी कबूतर आणायचं. पहाटे तिकडून सुटलं की दिवस मावळायच्या आत राजवाड्याच्या कबुतरखान्यात हजर! कुणी पाहुणा आला की राजा ऐटीत सांगे, "आमचं सागरकोट एका दिवसावर आहे." पाहुणे बिचारे माना डोलवत.

ही कबुतरं सागरकोटला नेऊन ठेवायचं काम लुमाजीचं. पाठीवर वेताची करंडी बांधून तो चालत निघे आणि बाराव्या दिवशी पोचे. हे कळल्यावर राजाचं डोकंच फिरलं.

"पाखरू एका दिवसात येतं आणि तुला जायला बारा? घोड्यावरून का जात नाहीस?"

"घोड्यावर करंडी हिंदकळते, महाराज. पाखरं दाणा सोडतात, मग उडत न्हाईत."

"मग त्यांनाच उडत जाऊ दे. तुझं काम संपलं."

"त्यांना घराकडची वाट तेवढी ठावी असते, महाराज. जायची वाट माणसानंच चालायची."

राजाने ऐकलं नाही. भरदरबारात त्याने तीन कबुतरं पश्चिमेकडे सोडली. त्यांनी दोन गिरक्या घेतल्या आणि थेट कबुतरखान्यावर येऊन बसली. पुन्हा सोडली, पुन्हा येऊन बसली. "आळशी झालीत," राजा म्हणाला. स्वतःची चूक सोडून त्याला सगळ्यांच्या चुका दिसत.

लुमाजीचा जीव मात्र खालीवर होत होता. सागरकोटचं शेवटचं कबूतर परवाच परत आलं होतं. पावसाळा सरला की चाच्यांची गलबतं किनाऱ्याला लागत, आणि आता मदतीला हाक मारायला सुनयनाकडे एकही पाखरू नव्हतं. तो कबुतरखान्याच्या राखणदाराकडे गेला. "पगार नको, ती तीन पाखरं दे."

"महाराजांना कळलं तर?"

"कळू दे. परत आल्यावर काय ती शिक्षा भोगीन."

तो निघाला. पायांना फोड आले. एका ओढ्याच्या पुरात दिवस वाया गेला, तो त्याने भरउन्हात चालून भरून काढला. करंडीला मात्र धक्का लागू दिला नाही. बाराव्या दिवशी तो सागरकोटला पोचला. दुसऱ्या पहाटे समुद्रावर शिडं दिसली. सुनयनाने चिठ्ठ्या बांधून तिन्ही कबुतरं सोडली. त्यातलं एकच हिरण्यपूरला पोचलं, पण दिवस मावळायच्या आत पोचलं.

राजा त्याच संध्याकाळी घोडदळ घेऊन निघाला. सहा दिवस सागरकोटच्या लोकांनी वेस लढवली. घोडे दिसताच चाचे पळाले.

"माग, काय हवं ते," राजा लुमाजीला म्हणाला.

"नवी पाखरं आणाया निघतो, महाराज."

राजाने आपला घोडा सैनिकांच्या हवाली केला आणि तोही लुमाजीबरोबर पायी निघाला. पाचव्या दिवशी त्याच्या पायांना फोड आले, तेव्हा रस्त्याच्या कडेला बसून त्याने लुमाजीची माफी मागितली.

तात्पर्य: एका दिवसाच्या भरारीचं कौतुक करावं, पण तिच्यासाठी जो बारा दिवस चालला त्याला विसरू नये.