करकोच्याचा रामराम

खारींना अक्षरं वाचता येत होती, त्या काळची ही गोष्ट. तळ्याकाठच्या वाचनालयाच्या माळ्यावर झुबकी नावाची खार राहायची. दूरदेशच्या गोष्टींची पुस्तकं म्हणजे तिचा जीव की प्राण! तळ्यावर पहारा देणारी टिटवी तिला हसायची, "अगं, घराबाहेर पाऊल न टाकता कुठे देश कळतात होय?"

एका सकाळी थकलाभागला परदेशी करकोचा तळ्याकाठी उतरला आणि सगळ्यांकडे पाहून जोरजोरात चोच वाजवू लागला.

"धमकी देतोय मेला! हाकला त्याला!" टिटवी किंचाळली. बगळे चोची परजून धावले. बिचाऱ्याच्या पंखांत उडायचं बळ उरलं नव्हतं.

झुबकी सरसर खाली उतरून मध्ये उभी राहिली. "थांबा! तो रामराम करतोय. त्यांच्या गावात हे करकोचे धुरांड्यांवर घरटी बांधतात आणि जोडीदार परतला की अशीच चोच वाजवतात. मी वाचलंय." तिनं दोन शिंपले उचलून खडखड वाजवले. करकोच्याचे डोळे भरून आले. बगळे ओशाळले आणि त्यांनीच त्याला मासे आणून दिले.

पोट भरल्यावर करकोच्यानं विचारलं, "ताई, तू आमच्या गावी कधी आली होतीस?"

"छे, कधीच नाही! पण सांग ना, तिथला बर्फ कसा दिसतो?"

"कोण जाणे. तो पडायच्या आतच आम्ही निघतो."

झुबकी शेपूट सावरून ऐसपैस बसली. "मग ऐक. तुझ्या गावचा हिवाळा मी तुला सांगते."

टिटवीही हळूच जवळ सरकली.