चार्जिंगचं भोक हवं तरी कुठे?

तार पुन्हा महाराजांच्या पोटात टोचली! झोपाळ्यावर उताणे पडून, पोटावर टॅब उभा धरून कुस्ती बघत होते बिचारे. टॅबच्या खालच्या कडेला चार्जिंगचं भोक, भोकात तार आणि तारेखाली तुंगगडच्या राजाचं ते सुप्रसिद्ध पोट!

"बोलवा त्या सखोबाला!" महाराज गरजले.

सखोबा तांबट हा राजाच्या यंत्रशाळेतला एकुलता एक कारागीर. माणूस साधा, पण हातात जादू. त्याने टॅब उघडला आणि भोक वरच्या कडेला नेलं. तार महाराजांच्या नाकावर लोंबू लागली आणि शिंकांनी महाल हादरला. मग भोक डावीकडे नेलं. महाराज डाव्या कुशीवर वळले की तार दंडाखाली मुरगळायची. उजवीकडे न्यायचं तर चालू-बंदचं बटण वाटेत. सखोबाने ते बोटभर खाली सरकवलं, ते आलं नेमकं महाराजांच्या अंगठ्याखाली. दोन पहिलवान भिडलेले, एकाने दुसऱ्याला डोक्यावर उचललेला, आता आपटणार, तोच पडदा काळा! शेवटी सखोबाने पाठीमागे भोक पाडलं, तर टॅब पोटावर डुगडुगायला लागला. पुढून पाडायची मात्र त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात हुकूम सुटला. "सखोबा, भोक वर नको, खाली नको, डावीकडे नको, उजवीकडे नको. पुढे नको, मागे तर नकोच नको!"

"मग काढूनच टाकू का, महाराज?"

"वा रे शहाण्या! भोक हवंच! आणि तार मला टोचता कामा नये. परवा दुपारपर्यंत जमलं नाही, तर यंत्रशाळेला कुलूप आणि तू वेशीबाहेर!"

दरबारी माना डोलवत राहिले. महाराज काहीही बोलले तरी ते मानाच डोलवत.

सखोबा घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. ताटाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. त्याची लेक येसू राजाच्या मुदपाकखान्यात वाढायला असे. बापाचा पडलेला चेहरा बघून तिला रडू आलं, आणि रडून झाल्यावर आला राग.

"आबा, महाराज टॅबला चार्जिंग लावतात कधी?"

"लावतात कधी म्हणजे? काढतातच कधी, असं विचार! उठल्यापासून बघतच असतात. तार लावूनच बघतात, नाहीतर बंद पडतो."

येसूने डोळे पुसले. "जेवून घ्या, आबा. परवा येताना माप घ्यायची फीत तेवढी आणा."

ठरल्या दिवशी येसू दरबारात उभी राहिली. "महाराज, आबांच्या वतीने उत्तर मी देईन. पण जेवताना देईन. आणि आज आपण झोपाळ्यावर बसून जेवायचं!"

झोपाळा आणि जेवण! महाराजांना आणखी काय हवं होतं? ते खुशीत दरबारातल्या झोपाळ्यावर मांडी घालून बसले. येसूने कढीची वाटी हातात दिली आणि झोपाळ्यामागच्या दोन हुजऱ्यांना खूण केली. हुजऱ्यांनी असा झोका दिला की झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या!

पहिला घोट मिशीत गेला. दुसरा कानात. तिसरा गेला थेट प्रधानांच्या पागोट्यावर!

"अगं, काय चाललंय हे?" महाराज ओरडले.

"चूक माझी नाही, महाराज," येसू गंभीरपणे म्हणाली. "आपलं तोंड चुकीच्या जागी आहे. आबा, फीत आणा! महाराजांचं तोंड चार बोटं डाव्या कानाकडे सरकवायला लागेल."

"येसू, गप बस गं बाई!" सखोबाला घाम फुटला.

"कानाकडे नको म्हणता? मग कपाळावर नेऊ. तिथेही सांडलं तर पाठीमागे!"

आज या पोरीचं डोकं उडणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"खबरदार!" महाराजांनी झोका खात खात दोन्ही हातांनी तोंड झाकलं, त्यात वाटीच खाली गेली. "माझं तोंड आहे तिथेच ठीक आहे! आधी झोपाळा थांबवा! झोके घेत घेत कुणी जेवतं का?"

"थांबवा रे!" येसू म्हणाली. झोपाळा थांबला. "मग महाराज, टॅबला का जेवताना राबवता? औताला जुंपलेल्या बैलापुढे कुणी वैरण टाकतं का? त्याला सोडावं, दावणीला बांधावं, पोटभर खाऊ द्यावं. भोक आधी होतं तिथेच, खालीच असू द्या. तार लावली की टॅब कोनाड्यात ठेवायचा आणि तार काढली की हातात घ्यायचा. पोटापाशी तारच नाही, तर टोचेल काय?"

महाराजांनी मिशीतली कढी पुसली. मग डोळे बारीक केले. एवढ्यात हरणारा राजा नव्हता तो!

"बरं! पण त्याचं पोट भरेपर्यंत मी काय बघत बसू?"

"दरबार बघा, महाराज!" येसू म्हणाली. "केव्हापासून आपल्यासमोर उभा आहे!"

प्रधानांची मान डोलवायची सवय अशी, की याही बोलण्याला त्यांनी मान डोलावली! ते पाहून महाराजांना जे हसू फुटलं, ते आवरेना. पोट गदगदलं, झोपाळा आपोआप हलायला लागला, आणि मग सगळा दरबारच खो खो हसत सुटला.

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं उतरवून येसूच्या हातात घातलं. सखोबाला यंत्रशाळा कायमची लिहून दिली, आणि त्याच बैठकीत हुकूम काढला, "आजपासून यंत्रशाळेची मुख्य येसू! कुठलं भोक कुठे आणि कुठलं बटण कुठे, हे तीच ठरवेल. आणि ऐका, माझ्या तोंडाला मात्र तिने हात लावायचा नाही!"